सोशल नेटवर्क ॲनालिसिस सर्वेक्षण करून शिकता येईल का?

कोडिंग येत नाही, तर गावात सर्वेक्षण करून सोशल नेटवर्क ॲनालिसिस, म्हणजे कोण कोणाशी जोडलेलं आहे याचा नकाशा काढून अभ्यास करणं, शिकता येईल का, असं तुम्ही विचारलंय. येईल की. मी तासगाव तालुक्यातल्या एका गावात तीस द्राक्षबागायतदारांना घेऊन तसाच शिकलो. पहिल्या फेरीत तोंडावर आपटलो, ते आधी सांगतो.

प्रश्न होता, 'द्राक्षाबद्दल कोणाचा सल्ला घेता?' खाली तीन रेघा. झालं, बहुतेकांनी मोजून तीन नावं दिली. कोणी एकालाच विचारत असेल, कोणी सात जणांना. माझ्या कागदावर सगळे सारखे. त्यात नावं म्हणजे 'आबा', 'अण्णा', 'मळ्यातले दादा'. गावात आबा निघाले चार! एक्सेलमध्ये चौघांचा मिळून एकच आबा झाला आणि नकाशाच्या मधोमध जाऊन बसला. दोन दिवस मी त्या शोधावर खूश होतो.

दुसऱ्या वेळी तिसांची यादी क्रमांक घालून छापून नेली. प्रश्नही बदलला: 'ऑक्टोबर छाटणीनंतर डाऊनी रोग दिसल्यावर यांतल्या कोणाकोणाला विचारलंत?' 'सल्ला' म्हटलं की माणूस ज्याला मान द्यायचा त्याचं नाव घेतो. फवारणीचं विचारलं की ज्याला खरंच फोन केला त्याचं. 1930 च्या दशकात या विषयाचा पाया घालणाऱ्या जेकब मोरेनोनेही न्यूयॉर्क राज्यातल्या हडसनच्या मुलींच्या शाळेत 'मैत्रीण कोण?' असं मोघम न विचारता कोणाबरोबर राहायला आवडेल, हे विचारलं होतं. शेवटी 'यादीबाहेरचं कोणी?' हा रकाना ठेवाच. आमच्याकडे त्यात औषध दुकानदार इतक्यांदा आला की यादीच चुकली होती म्हणायची.

एक्सेलमध्ये दोनच रकाने: कोणी विचारलं, कोणाला विचारलं. प्रत्येक ओळ म्हणजे विचारणाऱ्याकडून ज्याला विचारलं त्याच्याकडे जाणारा एक बाण. तिसांत जास्तीत जास्त 30 × 29 = 870 बाण निघू शकतात; माझे निघाले 87, म्हणजे घनता (शक्य बाणांपैकी खरंच निघालेल्यांचा वाटा) 0.10. एवढं हातानं करा, मग फाईल गेफी (Gephi) या नेटवर्कचं चित्र काढणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये टाका. ते फुकट आहे, कोड लागत नाही. आणि कोणी भेटलं नाही तर पुन्हा जा. पाच जण राहिले तर त्यांच्याकडून निघू शकणारे 145 बाण तुम्हाला कळतच नाहीत.

नावं विचारल्याशिवाय हे सर्वेक्षण होत नाही, पण चित्रात फक्त क्रमांक ठेवा. मी हौसेनं नावांसकट प्रिंट पारावर नेली. एक काका चष्मा लावून बराच वेळ बोट फिरवत राहिले. मग म्हणाले, "माझ्याकडं एक बी बाण येत न्हाई व्हय रं?"