एनबीए ड्राफ्टमध्ये परदेशी खेळाडूंची किंमत कमी लावतात का?

तुमचा प्रश्न असा: ड्राफ्टमध्ये, म्हणजे एनबीए या अमेरिकन बास्केटबॉल लीगचे संघ पाळीपाळीने नवे खेळाडू निवडतात त्यात, पुढे लीगचा सर्वोत्तम ठरलेल्या सर्बियाच्या निकोला योकिचसारखा खेळाडू 41व्या क्रमांकापर्यंत शिल्लक राहतो, तर मग एनबीएचे संघ अमेरिकेबाहेरच्या खेळाडूंना त्यांच्या लायकीपेक्षा खालीच ठेवतात असं म्हणायचं का? मी रत्नागिरीजवळच्या एका शाळेत मुलांना बास्केटबॉल शिकवतो. या विषयावर माझं मत ठाम आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

खेळाडू कुठल्या देशाचा आहे याने फारसं बिघडत नाही. तो कुठे खेळताना दिसला, याने बिघडतं.

जुनी उदाहरणं बघा. 1984 साली ह्यूस्टन रॉकेट्सने पहिल्याच क्रमांकावर नायजेरियाचा हकीम ओलाजुवोन घेतला. पण तो त्याच शहरातल्या कॉलेजात खेळत होता, सगळ्यांच्या डोळ्यांसमोर. 2014 मध्ये कॅमेरूनचा जोएल एम्बीड पायाचं हाड मोडलेलं असतानाही तिसरा गेला, कारण तो कॅन्सस विद्यापीठाकडून खेळला होता. सगळ्यात बोलका 2013 चा ड्राफ्ट. पहिला आला अँथनी बेनेट. तो कॅनडाचा, म्हणजे परदेशीच, पण अमेरिकन कॉलेजातून आलेला. पंधराव्या क्रमांकावर मिलवॉकीने यानिस अँटेटोकुंपोला घेतलं, जो तेव्हा ग्रीसच्या दुसऱ्या श्रेणीच्या लीगमध्ये खेळत होता. बेनेट चार हंगामांत एनबीएतून बाहेर पडला. यानिस 2019 आणि 2020 चा एमव्हीपी, म्हणजे हंगामातला सर्वोत्तम खेळाडू, झाला आणि 2021 मध्ये त्याने विजेतेपदाच्या शेवटच्या सामन्यात 50 गुण केले. परदेशी दोघेही होते.

आता याची दुसरी बाजू. ‘युरोपातल्यांना कमी लेखतात’ हेही सरसकट खरं नाही. उंच, लवचिक, अठरा-एकोणीस वर्षांचा पोरगा दिसला की हेच संघ उलट जास्त किंमत मोजतात. 2003 मध्ये लेब्रॉन जेम्सनंतर लगेच, कार्मेलो अँथनी, ख्रिस बॉश आणि ड्वेन वेड यांच्या आधी, डेट्रॉइटने डार्को मिलिचिचला घेतलं. त्याच्या आदल्या वर्षी डेन्व्हरने जॉर्जियाच्या निकोलोझ त्स्कितिश्विलीला पाचवा घेतला, जो इटलीतल्या संघात बहुतेक वेळ बाकावरच बसलेला असायचा. 2016 चा चौथा ड्रॅगन बेंडर, त्याचीही तेल अवीवमध्ये तीच गत. यांच्या बाबतीत संघांनी खेळ पाहून किंमत लावलीच नव्हती. उंची मोजली आणि बाकीचं कल्पनेने भरून काढलं.

म्हणजे ज्याने मोठ्यांत खेळून दाखवलंय तो खाली घसरतो आणि ज्याने काहीच दाखवलेलं नाही तो वर चढतो. मला सगळ्यात जास्त खटकतं ते हे.

याचा कळस 2018 मध्ये झाला. लुका डॉन्चिच तेव्हा एकोणीस वर्षांचा होता. रेआल माद्रिदबरोबर युरोलीग, म्हणजे युरोपातल्या क्लबांची सगळ्यात मोठी स्पर्धा, जिंकलेला, त्या लीगचा एमव्हीपी, आणि आदल्या वर्षी स्लोव्हेनियाबरोबर युरोपचं विजेतेपद मिळवलेला. समोर तीस-तीस वर्षांचे कसलेले व्यावसायिक, सामना एनबीएतल्या 48 ऐवजी 40 मिनिटांचा, आणि तिथल्या नियमांनुसार बचावपटू बास्केटखाली हवा तितका वेळ उभा राहू शकतो, म्हणजे आत घुसणं आणखी अवघड. तिथे सामन्यामागे सोळा गुण म्हणजे कॉलेजातल्या पंचवीसपेक्षा मोठी गोष्ट आहे, असं मी कुणाशीही वाद घालून सांगेन. तरी पहिला गेला एटन, दुसरा बॅगली, दोघेही अमेरिकन कॉलेजातले. तिसऱ्या क्रमांकावर अटलांटाने लुकाला घेतलं आणि लगेच डॅलसला देऊन बदल्यात पाचव्या क्रमांकाचा ट्रे यंग आणि पुढच्या वर्षीची एक निवड घेतली.

युरोप त्यांना माहीतच नव्हता म्हणावं, तर तेही पटत नाही. पहिली निवड होती फीनिक्सची, आणि त्यांचे नवे प्रशिक्षक होते इगोर कोकोश्कोव, ज्यांनी 2017 मध्ये स्लोव्हेनियाच्या त्याच विजेत्या संघाला शिकवलं होतं. दुसरी निवड सॅक्रामेंटोची, आणि तिथे कारभार होता सर्बियाच्या व्लादे दिवाच यांच्याकडे. एवढं जवळून ओळखणारी माणसं असूनही लुका खाली आला. मला वाटतं, अंग बघून निवडायची सवय इतकी मुरलेली आहे की समोर पुरावा ठेवला तरी ती हटत नाही. लुका धावायला हळू, उडी बेताची. योकिचबद्दलही हेच म्हणायचे.

योकिचचं मात्र थोडं वेगळं आहे. डेन्व्हरला हिरा दिसला होता असं नंतर सगळे सांगतात, पण त्याच 2014 च्या ड्राफ्टमध्ये डेन्व्हरने सोळाव्या क्रमांकाचा बोस्नियाचा युसुफ नुर्किच मिळवला होता, तोही योकिचसारखाच सेंटर, म्हणजे बास्केटजवळ खेळणारा उंच खेळाडू. योकिच त्यांच्याही यादीत नुर्किचच्या खालीच होता. योकिच ॲड्रियाटिक लीगचा (सर्बिया आणि आसपासच्या देशांतल्या क्लबांची लीग) एमव्हीपी झाला ते पुढच्या हंगामात, ड्राफ्ट झाल्यावर. शिवाय त्याच दुसऱ्या फेरीत जेन्तिले, दांगुबिच, लाबेरी हे युरोपीयही निवडले गेले, आणि ते एनबीएत एकही सामना खेळले नाहीत. एका योकिचवरून सगळ्या दुसऱ्या फेरीची किंमत ठरवली तर हिशेब चुकतो.

पैशाची बाजूही आहे, आणि ती अन्यायाची नाही. युरोपातला खेळाडू क्लबाशी करारबद्ध असतो. त्याला सोडवायचं तर क्लबाला भरपाई द्यावी लागते, आणि एनबीए संघाला त्यातली ठरावीक रक्कमच देता येते, उरलेली खेळाडूच्या खिशातून जाते. त्यामुळे कोण कधी येईल याचा भरवसा नाही. मनू जिनोबिली 1999 मध्ये 57वा निवडला गेला आणि सॅन अँटोनियोत आला 2002 मध्ये. मधल्या काळात त्याने बोलोन्याबरोबर युरोलीग जिंकली. वासिलिये मिचिच 2014 चा 52वा, तो पोहोचला 2023 मध्ये. यंदाचे सामने जिंकायचे असलेल्या प्रशिक्षकाला असा खेळाडू नकोसा वाटला तर त्याला दोष देता येत नाही. सॅन अँटोनियोसारख्या वाट बघू शकणाऱ्या संघांनी मात्र यावरच विजेतेपदं उभी केली.

आपल्याकडे कबड्डीत बघा. भातकापणी झाली की कोकणात गावोगावी सामने लागतात आणि इथल्या कुठल्याही पोराला फझल अत्राचली कोण ते सांगावं लागत नाही. 2018 च्या लिलावात यू मुंबाने डाव्या कोपऱ्यावर खेळणाऱ्या या इराणी बचावपटूला एक कोटी दिले, प्रो कबड्डीत एक कोटीला पोहोचलेला तो पहिला खेळाडू. 2023 मध्ये पुणेरी पलटणने मोहम्मदरेझा शादलूला 2 कोटी 35 लाखांना घेतलं. परदेशी असूनही त्यांना चढा भाव मिळाला, कारण आपल्याच खेळाडूंना त्यांनी पकडलेलं सगळ्यांनी पाहिलं होतं. 2014 च्या आशियाई अंतिम सामन्यात भारत इराणला जेमतेम 27-25 ने हरवू शकला होता. शिवाय लिलावात दोन संघांना खेळाडू कळला की बोली आपोआप चढते. ड्राफ्टमध्ये बोली नसते. पाळीपाळीने निवडायचं, पहिल्या फेरीचा पगार क्रमांकावरून ठरलेला. त्यामुळे चाळीस पाळ्यांत चूक झाली तरी ती सुधारायला दुसरं कुणी नसतं.

हे मी पोटतिडकीने लिहितोय त्याला कारण आहे. आमची मुलं निवडचाचणीला घाटावर जातात तेव्हा निवडणाऱ्यांनी त्यांचा एकही सामना पाहिलेला नसतो. भिंतीपाशी उभं करून उंची बघतात. पास देण्यात हुशार असलेली ठेंगणी मुलगी तिथे पहिल्या अर्ध्या तासात बाजूला होते, आणि तिला नाकारलं असं कुणाला वाटतसुद्धा नाही. पंजाबातल्या बल्लोके गावचा सतनाम सिंग 2015 मध्ये डॅलसने 52वा घेतला, ड्राफ्टमधून निवडला गेलेला पहिला भारतीय. त्याचा मला अभिमान आहे. पण तोही आधी सात फुटांहून जास्त उंचीमुळेच दिसला, आणि एनबीएच्या मैदानात त्याला एकही सामना मिळाला नाही.

हल्ली चित्र बदलतंय. 2019 पासून 2025 पर्यंतचे सगळे एमव्हीपी अमेरिकेबाहेर जन्मलेले आहेत. 2023 ला वेंबन्यामा आणि 2024 ला रिसाशे, दोघेही फ्रान्समधून थेट पहिल्या क्रमांकावर गेले. आणि आता अमेरिकन कॉलेजांतून खेळाडूंना उघडपणे पैसे मिळू लागल्याने युरोपातली मुलंच तिकडे जातायत. 2025 मध्ये आठवा गेलेला रशियाचा येगोर द्योमिन युटामधल्या कॉलेजातून आला, विसावा लिथुआनियाचा याकुचियोनिस इलिनॉयमधून. म्हणून यापुढे स्वस्तात खेळाडू शोधायचा तर युरोपात मागे राहिलेल्या, बावीस वर्षांच्या, मोठ्या क्लबात रोज पंचवीस मिनिटं खेळणाऱ्यांकडे बघा. तुम्ही ड्राफ्ट बघत असाल तर दुसऱ्या फेरीत या मुलांची नावं लिहून ठेवा आणि तीन वर्षांनी पडताळा.