एसटीत उलटी होणाऱ्या मुलीला ऑर्लँडोच्या मिनियन राइडमध्ये बसवावं का?

बसवा, पण तिथल्या न हलणाऱ्या सीटवर. अमेरिकेत काकाकडे जाऊन मिनियन, म्हणजे कार्टूनमधली ती पिवळी बुटकी पात्रं, न बघता अचलपूरला परतली तर पोरगी खट्टू होईल. युनिव्हर्सल स्टुडिओजमधली ही 'डेस्पिकेबल मी मिनियन मेहेम' राइड, म्हणजे मोठ्या पडद्यासमोर हलत्या खुर्च्यांवर बसून बघायचं कार्टून, 2012 ला सुरू झाली. हलत्या सीटसाठी उंची किमान 40 इंच, म्हणजे साधारण 102 सेंटिमीटर लागते. स्थिर सीट मात्र आत जाण्याआधीच तिथल्या माणसाला मागून घ्यायची.

बहिरमच्या यात्रेत मी हलत्या खुर्च्यांचं कार्टून थिएटर चालवतो, त्यावरून सांगतो. पडद्यावरची गाडी बघून आपण पुढे झेपावलो असं डोळे सांगतात, कानाच्या आतला तोल सांभाळणारा भाग वेगळंच सांगतो, अन् या भांडणात मळमळ सुरू होते. खुर्चीचा झटका चित्राच्या जरा मागे पडला की त्रास आणखी वाढतो. उलटी एकदम होत नाही: आधी लेकरू जांभया देतं, कपाळावर गार घाम येतो, तोंडात लाळ सुटते. हे दिसलं की लगेच डोळे मिटायला सांगा. हंडीतलं मटण अन् रोडगे पोटभर खाऊन येणाऱ्यांचे हाल मी पाहतो, म्हणून आधी हलकंच खाऊ घाला, पण उपाशी नेऊ नका.

एक मात्र आहे, समोरचा मोठा पडदा तोच असतो, त्यामुळे काही मुलांना स्थिर सीटवरही गरगरतं. उलटीची गोळी द्यायची तर आधी डॉक्टरांना विचारून.