वाचकांचे प्रश्न : ३,६०० टनांत काय काय मावतं?

प्रश्न : दिवाळी अंकासाठी १९०८ सालातली, एका काल्पनिक साम्राज्याची कथा लिहितो आहे. त्यांच्या आरमारातल्या ‘वज्र’ वर्गाच्या हलक्या क्रूझर (वेगवान युद्धनौका) अशा ठरवल्यात : ३,६०० टन, कोळशावरचे बॉयलर, वेग ३० नॉट (ताशी ३० सागरी मैल), आठ इंची (नळीचा व्यास) आठ तोफा, दोन्ही कुशींना सहा इंची चिलखत. शेवटी ‘वज्र’ ओहोटीच्या वेळी खाडीत शिरून लपते. जाणकाराला काही खटकेल का?
— एक वाचक, सदाशिव पेठ, पुणे

उत्तर : खटकेल, कारण एवढं सगळं ३,६०० टनांत बसत नाही. ताडून पाहायला जर्मन शाही आरमाराची हलकी क्रूझर ‘एमडेन’ घ्या. २२ सप्टेंबर १९१४ ला मद्रासच्या तेलटाक्यांवर मारा करणारी तीच. वजन जवळपास तेवढंच, लांबी ११८ मीटर, वेग २४ नॉटच्या आसपास.

वेग २४ वरून ३० वर न्यायचा तर तो वाढतो सव्वापट, पण शक्ती लागते जवळजवळ दुप्पट, कारण ती निदान वेगाच्या घनाच्या हिशेबाने चढते. म्हणजे बॉयलरही दुप्पट आणि कोळसा ओढणारी माणसंही. ब्रिटिशांच्या ‘अरेथ्यूसा’ वर्गाच्या क्रूझर एवढ्याच वजनात २८ नॉट ओलांडण्यासाठी आखल्या होत्या, पण त्या आरमारात दाखल झाल्या तेव्हा १९१४ उजाडलं होतं आणि इंधन फक्त तेल होतं. तुम्ही २४ वर थांबा.

आठ इंची तोफा तर काढाच. जपानची क्रूझर ‘ताकासागो’ चार हजार टनांच्या वर होती, तिच्यावर अशा दोनच होत्या. एमडेनवर १०.५ सेंटिमीटरच्या दहा. दोन पुढे शेजारी-शेजारी, दोन मागे तशाच, तीन-तीन कुशींना. त्यामुळे एका बाजूला एका वेळी पाचच चालत. लढाई लिहिताना दहा मोजू नका. गोळा सुमारे १७ किलोचा, एका माणसाच्या हातातला. आठ इंचीचा शंभरच्या घरात जातो.

कुशींचं चिलखतही नको. अशा जहाजांवर आत उतरत्या कडांचा पोलादी डेक असे आणि बाजूंना, गोळे अडवायला, कोळशाची कोठारं. कोळसा जळत जाई तशी ही आडभिंत रिकामी होई. कथेला याहून चांगला पेच मिळणार नाही, जरूर वापरा.

राहिली खाडी. एमडेन पाण्यात साडेपाच मीटर बुडे. ‘वज्र’ ओहोटीला खाडीच्या तोंडाशीच वाळूवर बसेल. तिला भरतीला आत घ्या.