पुण्याहून आई-वडील आणि लहान मुलीला घेऊन दोन दिवस निवांत वाईला जायचं आहे. बेत कसा आखावा?

तुम्ही लिहिलंय की वडील ६८ वर्षांचे, आईचे गुडघे दुखतात, मुलगी सहा वर्षांची, गाडी घरची. पाचगणीत हॉटेल घेऊन वाई जाता-येता बघावी असा विचार चाललाय. माझं स्पष्ट मत आहे की मुक्काम वाईतच करा. वाईत जे काही आहे ते कृष्णेच्या काठाला आहे, आणि तो काठ सकाळी आठच्या आत आणि संध्याकाळी पाचनंतरच खरा कळतो. पाचगणीत राहणारा माणूस बरोब्बर या दोन्ही वेळांना वाई-पाचगणीमधल्या पसरणीच्या घाटात नाहीतर वर हॉटेलात असतो. वाई त्याच्या वाट्याला येते ती दुपारी साडेबाराची, उन्हाने पायाला चटके देणारी.

महिन्याचं म्हणाल तर नोव्हेंबर ते फेब्रुवारी उत्तम. नदीला पाणी असतं, हवा कोरडी आणि गार असते. डिसेंबर-जानेवारीत पहाटे चांगलीच थंडी पडते, आईवडिलांसाठी स्वेटर, कानटोपी घ्याच. एप्रिल-मेमध्ये पात्र आटतं, पाणी हिरवट आणि साचलेलं दिसतं, त्यामुळे फक्त नदीसाठी येत असाल तर ते महिने टाळा. पावसाळ्याबद्दल मात्र लोकांचा गैरसमज आहे. महाबळेश्वरला वर्षाला सरासरी ६००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, वाईत त्याचा पाव हिस्साही नाही. वर धुक्यात समोरचा माणूस दिसत नसतो तेव्हा खाली वाईत नुसती भुरभुर चालू असते. अडचण पावसाची नाही, नदीची आहे. वरच्या अंगाला धोम धरण आहे. तिथून पाणी सोडलं की घाटाच्या पायऱ्या पाण्याखाली जातात. लहान मूल बरोबर असताना जुलै-ऑगस्टमध्ये घाटावर उतरूच नका.

तारीख पक्की करण्याआधी कालनिर्णय एकदा उघडून बघा. पौष पौर्णिमेला मांढरदेवच्या काळूबाईची यात्रा असते आणि तिकडे जाणारी बरीच गर्दी वाईवरून जाते. रंगपंचमीला वाईजवळच्या बावधनचं बगाड (नवसाची यात्रा) असतं. ते बघायलाच यायचं असेल तर जरूर या, पण त्या दिवशी निवांतपणा मिळायचा नाही. शनिवार-रविवारी संकष्टी आली तर ढोल्या गणपतीला रांग लागते. उलट माघ-फाल्गुनात कृष्णाबाईचा उत्सव असतो, त्यासाठी तारीख जुळवून घ्यावी असं मी म्हणेन. भीमकुंड, मधली आळी, गणपती आळी, धर्मपुरी, ब्राह्मणशाही, रामडोह आणि गंगापुरी या सात घाटांवर तो पाळीपाळीने होतो. ज्या आळीची पाळी तिथे मांडव, कीर्तन, जेवणावळी. अफझलखानाचं संकट टळावं म्हणून कृष्णेला केलेल्या नवसातून हा उत्सव सुरू झाला, असं वाईकर सांगतात. खान स्वारीवर निघाला तेव्हा वाईचा सुभेदार होता हे लक्षात घेतलं की या नवसाचं कारण समजतं.

आता रस्ता. स्वारगेटपासून वाई साधारण ८८ किलोमीटर. शनिवारी सकाळी साडेसहाला घर सोडलंत तर नाश्त्याचा अर्धा तास धरून नऊ-सव्वानऊला पोचाल. आठनंतर निघालात तर खेड-शिवापूरच्या टोलनाक्यावर आणि खंबाटकीत अडकण्याची तयारी ठेवा. घाटात चढावर एक ट्रक बंद पडला तरी मागे लांबच लांब रांग लागते. नाश्ता कापूरहोळ-शिरवळच्या पट्ट्यात उरकून घ्या, म्हणजे घाट पोटभर आणि शांतपणे चढता येतो. पुढे सुरूर फाट्याला महामार्ग सोडून उजवीकडे वळायचं, तिथून वाई दहा-अकरा किलोमीटर. फाटा चुकला तर गाडी उलटी घालू नका. सरळ पुढे पाचवडला या, तिथूनही वाईला चांगला रस्ता आहे आणि आनेवाडीचा टोलनाका त्याच्याही पुढे असल्याने जास्तीचा टोल लागत नाही. जाऊन-येऊन आणि तिथलं फिरणं मिळून २२० किलोमीटर धरा. लिटरला १५ किलोमीटर देणाऱ्या गाडीला १५ लिटर पेट्रोल पुरेल.

एसटीने जाणार असाल तर स्वारगेटहून वाईची किंवा महाबळेश्वरची गाडी घ्या. बायकांना अर्धं तिकीट, ६५ ते ७५ वयाच्या ज्येष्ठांना अर्धं, मुलीचंही अर्धं. म्हणजे तुम्ही नवरा-बायको धरून पाच जणांत पूर्ण तिकीट एकाचंच आणि एकूण भाडं तीन तिकिटांचं. सगळ्यांची आधार कार्डं जवळ ठेवा. परतीचा घोळ मात्र समजून घ्या. रविवारी संध्याकाळी महाबळेश्वरहून येणाऱ्या गाड्या वाईला भरलेल्याच येतात. वाई आगारातून सुटणारी पुण्याची गाडी बघा, किंवा सरळ साताऱ्याला जाऊन तिथून स्वारगेटची विनाथांबा पकडा. ३५ किलोमीटर उलटं जावं लागतं, पण बसायला जागा मिळते.

खोली घेताना फोनवर चार गोष्टी विचारा. खोली तळमजल्यावर आहे का किंवा लिफ्ट आहे का, कमोड आहे का, गरम पाणी किती ते किती, आणि गाडी आवारात लागते का. बऱ्याच ठिकाणी गरम पाणी सौरबंबाचं असतं, ते सकाळी ठरावीक वेळातच येतं आणि ढगाळ हवेत कोमट येतं. आईच्या गुडघ्यांचा विचार करता नदीकाठच्या देखण्या पण पायऱ्यांच्या जागेपेक्षा गावातलं साधं लॉज बरं. गावात राहिलात तर गाडी तिथेच सोडून गणपती घाटावर दहा-पंधरा मिनिटांत चालत जाता येतं. घाटाकडचे रस्ते अरुंद आहेत. शनिवारी संध्याकाळी तिथे गाडी घालणं म्हणजे अर्धा तास वाया घालवणं.

खोली बहुतेक बाराला मिळते. म्हणून सामान गाडीतच राहू द्या आणि पोचल्या पोचल्या मेणवलीला जा. जेमतेम तीन किलोमीटर आहे. अकरानंतर पाचगणीला निघालेल्या गाड्या तिकडे वळतात, त्याच्या आत पोचायचं. मेणवली नाना फडणवीसांना १७६८ मध्ये इनाम मिळाली, मग त्यांनी इथे वाडा, घाट आणि देवळं बांधली. सहा चौकांचा वाडा अजून उभा आहे. तो खाजगी मालकीचा आहे, आत जायला शुल्क असतं, त्यामुळे सुटे पैसे ठेवा. आत भरपूर जुनं सागवान आहे, भिंतींवर चित्रं आहेत, आणि प्रकाश कमी आहे, तेव्हा मोबाइलची बॅटरी लागेल. उंबरे उंच, दारं बुटकी, जिने अरुंद आणि उभे. आईला वरच्या मजल्यावर नेऊ नका, चौकात बसूनही वाडा छान बघता येतो. मुलीला चित्रांना हात लावू देऊ नका, आधीच रंगाचे पोपडे सुटायला आलेत.

वाड्यामागे चंद्रकोरीसारखा वळलेला घाट आहे. मेणेश्वराजवळ एका छोट्या दगडी बांधकामात मोठी घंटा टांगलेली आहे. बरेच लोक तिच्याशेजारी फोटो काढतात आणि निघून जातात. तुम्ही तसं करू नका, मुलीला उचलून घंटेचा बाहेरचा भाग नीट दाखवा. त्यावर बाळ येशूला घेतलेली मेरी आहे आणि १७०७ हे साल आहे. चिमाजी आप्पांनी १७३९ मध्ये वसई घेतली तेव्हा पोर्तुगिजांच्या चर्चमधल्या घंटा मराठ्यांच्या हाती लागल्या, त्यांतली ही एक. महादेवाच्या देवळात मेरीची घंटा कशी आली, हे सहा वर्षांच्या मुलीलाही गोष्टीसारखं सांगता येतं. घाटाच्या खालच्या तीन-चार पायऱ्यांवर शेवाळ असतं आणि कठडा कुठेच नाही. मुलीचा हात सोडायचा नाही. आई-वडिलांना वरच्या पायरीवर सावलीत बसवा, एखादी बसायची सतरंजी नेलीत तर अगदी झकास.

जेवण झालं की दुपारी दोन ते साडेचार काहीही ठरवू नका. झोपा. लोकांचा बेत फसतो तो इथेच. याच वेळात 'वर पटकन टेबललँड करून येऊ' म्हणून गाडी काढतात, पसरणीच्या घाटात आणि पाचगणीच्या बाजारात अडकतात आणि अंधार पडल्यावर चिडचिड करत खाली येतात.

पाचला गणपती आळीच्या घाटावर. पश्चिमेला डोंगर असल्यामुळे ऊन लवकर उतरतं, हिवाळ्यात साडेपाचलाच सावली पडते. ढोल्या गणपतीचं देऊळ १७६२ मध्ये गणपतराव रास्ते यांनी बांधलं. हे रास्ते म्हणजे नानासाहेब पेशव्यांच्या पत्नी गोपिकाबाईंचं माहेर. मूर्ती अखंड दगडाची आहे आणि खरोखरच ढोली आहे. पण दर्शन झालं की देवळाच्या मागच्या बाजूला जाऊन भिंत बघा. ती सपाट नाही, माशाच्या तोंडासारखी निमुळती होत गेली आहे. पुराचं पाणी तिच्यावर आदळून दोन्ही बाजूंना फाकावं म्हणून ही रचना आहे. सपाट भिंत असती तर पाण्याचा सगळा रेटा तिने एकटीने सोसला असता. भिंतीशी उभं राहून वडिलांशी यावर बोला, त्यांना नक्की आवडेल. शेजारी काशीविश्वेश्वराचं देऊळ आहे. तिथला काळ्या दगडाचा नंदी इतका गुळगुळीत आहे की तो घडवलेला आहे हे विसरायला होतं. त्याच्या गळ्यातली घंटांची माळ जवळून बघा. मग आरतीपर्यंत नुसतं बसून राहा. पायात लेसचे बूट नकोत, चपला घाला, दर देवळापाशी काढाव्या लागतात.

रविवारी सकाळी साडेसहाला ज्यांना उठवेल त्यांनी पुन्हा घाटावर जावं. या वेळी गंगापुरीकडून चालत या. धुणी, स्नानं, पूजा, आळीतल्या वाड्यांतून येणारा चहाचा वास, हे सगळं तेव्हाच भेटतं. नाश्ता करून साडेआठला धोमला निघा, आठ-नऊ किलोमीटर आहे. वाटेवरच्या भोगावला वामन पंडितांची समाधी आहे. वडिलांना मोरोपंत-वामनांच्या काव्याची आवड असेल तर दहा मिनिटं थांबा. धोमला नरसिंहाच्या देवळाच्या आवारात कासवाच्या पाठीवर बसलेला नंदी आहे. भोवतीचं कुंड कमळाच्या आकाराचं, ते भरलं की कासव पाण्यावर तरंगतंय असं वाटतं. कोरडं असलं तरी बघण्यासारखं आहेच, मात्र मुलीला आधी तरंगणाऱ्या कासवाचं सांगून ठेवू नका, तिचा हिरमोड होईल. धरणाच्या पाण्यात होडीत बसायचं असेल तर मुलीच्या मापाचं लाइफ जॅकेट असेल तरच बसा. मोठ्यांचं जॅकेट लहान मुलाच्या डोक्यावरून निसटतं.

पाचगणीची फारच ओढ असेल तर धोम सोडा आणि सकाळी साडेसहालाच वर जा. बारा-तेरा किलोमीटर, रस्ता मोकळा. साडेनऊपर्यंत परत यायचं. जाताना लागतं ते पसरणी शाहीर साबळ्यांचं गाव. धोम आणि पाचगणी दोन्ही एका सकाळी करायचा प्रयत्न करू नका. लिंबची बारा मोटांची विहीर सुंदर आहे, पण ती आनेवाडीच्या पुढे साताऱ्याच्या वाटेवर आहे, पुण्याला परतताना उलटी पडते. मराठी विश्वकोशाचं कार्यालय वाईत आहे, तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशींमुळे अनेकांना ते बघायचं असतं, पण शनिवार-रविवारी सरकारी सुट्टी असते.

खायला पिठलं-भाकरी, भरलं वांगं, खर्डा असं साधं जेवण मागा. मुलीसाठी खर्डा वेगळा ठेवायला सांगा. घरी न्यायला हळद घ्या. पूड नको, हळकुंडं घ्या. मोडून बघा, आत गर्द केशरी रंग हवा, आणि मोडताना कट्‌ असा आवाज आला पाहिजे. वाकली तर ओलसर आहे, घरी बुरशी धरेल. डिसेंबर ते मार्च रस्त्याकडेला स्ट्रॉबेरी मिळते. खोक्यातला खालचा थर दाखवायला सांगा, कारण वर टपोरी आणि खाली दबलेली असं बरेचदा असतं. निघायच्या आधी शेवटच्या क्षणी घ्या, धुऊ नका, डिकीत न ठेवता पायाशी सावलीत ठेवा. बंद डिकीत दोन तासांत पाणी सुटतं.

परतीला रविवारी दोनच्या आत वाई सोडा. चारनंतर महाबळेश्वर-पाचगणीची सगळी वाहनं सुरूरकडे उतरतात. दोनला निघालात तर साडेचारला घरी असाल आणि मुलीची सोमवारची शाळेची तयारी घाईत करावी लागणार नाही.