डोळ्यातली पानगळ: वाचकांचे प्रश्न

प्रश्न: गर्भातल्या बाळाच्या डोळ्यातल्या निम्म्याहून जास्त चेतापेशी जन्माआधीच मरतात, असं वाचलं. मग त्या तयार तरी का होतात? (जीवशास्त्राच्या शिक्षिका, नाशिक)

गँग्लियन पेशींच्या बाबतीत हे खरं आहे, आणि मरणाऱ्या पेशी रोगट नसतात, हे आधी सांगते. डोळ्याच्या पडद्यातली प्रत्येक गँग्लियन पेशी मेंदूकडे एक तंतू धाडते. या तंतूंची जुडी म्हणजे डोळ्याची नस. गर्भाच्या १६-१७व्या आठवड्यात तिच्यात सुमारे ३७ लाख तंतू मोजले गेले आहेत. तिसाव्या आठवड्याच्या सुमारास उरतात ११ लाखांच्या आसपास, आणि पुढे जन्मभर तेवढ्यावरच भागतं.

तंतू मेंदूत पोचला की तिथल्या पेशींकडून त्याला जगवणारी प्रथिनं मिळतात. ती मोजकीच असतात. ज्यांच्या वाट्याला ती येतात, त्या पेशी तगतात. मांजरीच्या पिल्लाचा एक डोळा जन्माआधीच काढला, तर दुसऱ्या डोळ्यातल्या नेहमीपेक्षा जास्त पेशी वाचतात, कारण वाटेकरी कमी झाले. मेंदूला किती तंतू लागतील याचा हिशेब आधी कुठेच लिहिलेला नसतो. तो असा जागेवर जुळतो. मला या विषयातलं सर्वांत विलक्षण वाटतं ते हेच. चेतापेशींना जगवणारं असं पहिलं प्रथिन रीटा लेव्ही-मोंताल्चिनी यांनी शोधलं. त्यासाठी १९८६चं नोबेल त्यांना स्टॅन्ली कोहेन यांच्यासोबत मिळालं. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात इटलीतल्या तुरीन शहरातल्या घरी, झोपायच्या खोलीत कोंबडीची अंडी उघडून त्या गर्भ तपासत असत.

प्रश्न: इतक्या पेशी मरतात, तर शेजारच्या पेशींना इजा कशी होत नाही? (विद्यार्थी, कोल्हापूर)

कारण पेशी फुटत नाही, आतल्या आत आवरती होते. बारा दिवसांच्या कोंबडीच्या गर्भाच्या पडद्याचा काप सूक्ष्मदर्शकाखाली बघ. फिकट, गोल केंद्रकांच्या रांगेत मध्येच मोहरीसारखा काळा, घट्ट ठिपका दिसतो. ती मरणारी पेशी. तिचे पापुद्र्यात गुंडाळलेले तुकडे होतात आणि सफाई करणाऱ्या पेशी ते गिळून टाकतात. ना सूज, ना व्रण. १९७२ साली या मरणाला नाव मिळालं ॲपॉप्टॉसिस. त्या ग्रीक शब्दाचा अर्थ पानगळ.

प्रश्न: माझी मुलगी तिसाव्या आठवड्यात जन्मली. आज २५ दिवसांची आहे. पडदा तपासायला सांगितलंय. घरचे म्हणतात, आधी वजन वाढू दे. या पेशीमृत्यूशी याचा संबंध आहे का? (एक आई, सोलापूर)

नाही. इथे प्रश्न रक्तवाहिन्यांचा आहे. पडद्याच्या कडेपर्यंत त्या जवळजवळ नऊ महिने भरताना पोचतात. बाळ आधी आलं, की त्यांची वाढ भलतीकडे जाऊ शकते आणि पडदा सुटूही शकतो. वजनासाठी थांबू नका, ताई. अशा बाळांची तपासणी जन्मानंतर ३० दिवसांच्या आत व्हायला हवी, म्हणजे तुमच्या हातात पाचच दिवस आहेत. उद्याच फोन करून वेळ घ्या. बाहेरून डोळा अगदी छान दिसतो, त्यावर जाऊ नका.

प्रश्न: वडिलांना काचबिंदू आहे. मेलेल्या पेशी परत येतील? (पुणे)

काचबिंदूत मरतात त्या याच गँग्लियन पेशी, आणि मरण्याची रीतही बरीचशी हीच. झेब्राफिश माशाच्या पडद्यात नव्या पेशी उगवतात, माणसाच्या नाही. थेंबांनी डोळ्यातला दाब उतरतो आणि उरलेल्या पेशी टिकायला मदत होते. म्हणून नजर सुधारल्यासारखी वाटली नाही, तरी बाबांचे थेंब एक दिवसही चुकवू देऊ नका.