प्राध्यापकांच्या नावापुढचं ‘अभ्यासक्षेत्र’ कितपत खरं मानायचं?

ऐरोलीच्या ताईंनी विचारलंय की, शेतमाल बाजारावर पीएचडी करायची आहे, तीन प्राध्यापकांच्या नावापुढे तोच विषय दिसतो, तर कुणाकडे जावं? आधी माझी फजिती ऐका.

मी ठाण्याचा. माझ्या सरांच्या नावापुढेही ‘शेतमाल बाजार’ होतं, तेवढ्यावर नोंदणी केली. वाशीच्या कांदा-बटाटा मार्केटात पहाटे गाळ्यावर बसून पट्ट्या, म्हणजे शेतकऱ्याच्या विक्रीच्या हिशेबाच्या चिठ्ठ्या, उतरवून घ्यायचो. हमाली, तोलाई, वाराई अशा मजुऱ्या कापून शेतकऱ्याच्या हातात किती उरतं, एवढाच माझा प्रश्न. आठ महिन्यांनी वही सरांपुढे ठेवली, तर म्हणाले, “वाराई म्हणजे काय हो?” त्यांचा शेतीवरचा शेवटचा लेख बारा वर्षांपूर्वीचा निघाला. त्यानंतर सगळं बँकिंग. माणूस सज्जन होता, वेबसाइटवरचं ते पान तेवढं कुणी बदललं नव्हतं.

विषय बदलतातच. अर्थतज्ज्ञ धनंजयराव गाडगीळांचं औद्योगिक उत्क्रांतीवरचं पुस्तक १९२४ चं, आणि पुढे तेच प्रवरेच्या सहकारी साखर कारखान्याचे पहिले अध्यक्ष झाले. पण गाडगीळांसारखं सगळ्यांना कुठून जमणार? नियमाने सहायक प्राध्यापकाला आठवड्याला १६ तास शिकवायचं असतं, वर पेपर तपासणी आणि कॉलेजांचं मूल्यांकन करणाऱ्या ‘नॅक’च्या फायली. त्यात संशोधन आटतं, नावापुढचा विषय मात्र तसाच राहतो.

म्हणून ‘शोधगंगा’ या पीएचडी प्रबंधांच्या ऑनलाइन संग्रहात त्या तिघांची नावं टाका. कुणाच्या हाताखाली कोणते प्रबंध झाले, कोणत्या साली, ते दिसेल. प्रबंध उघडलात की ऋणनिर्देशही वाचा. सरांचे आभार दोन कोरड्या ओळींत उरकलेले असतील, तर काय ते समजा.

मग जागा विचारा. यूजीसीच्या, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाच्या, २०२२ च्या पीएचडी नियमांनुसार प्राध्यापकाकडे एका वेळी आठ, सहयोगीकडे सहा, सहायककडे चारच विद्यार्थी असू शकतात. निवृत्तीला तीन वर्षांपेक्षा कमी राहिली असतील, तर नवा विद्यार्थी घेताच येत नाही. हे मोठ्या नावाच्या सरांबाबत हमखास आडवं येतं, आणि कळतं ते मुलाखतीच्या दिवशी.

ठाणे-कुर्ला करत कलिन्याला मुंबई विद्यापीठात जाल, तेव्हा “तुमचा आवडीचा विषय कोणता” असं विचारू नका, नावापुढचंच उत्तर मिळेल. “सर, या महिन्यात कुठल्या आकडेवारीवर काम चाललंय?” असं विचारा.