मुका, मौनी की मुकाट?

प्रश्न असा आलाय की ज्या आरपीजीमध्ये (म्हणजे एखाद्या पात्राची भूमिका घेऊन खेळायच्या व्हिडिओ गेममध्ये) आपला हिरो आवाजात एक शब्द बोलत नाही त्याला 'मौन नायक' म्हणायचं का 'मुका नायक', आणि ज्याला आवाज दिलाय त्याला 'सघोष नायक' चालेल का.

आधी ते 'मौन नायक' बंद करा. मौन धरतात, पाळतात, सोडतात, पण माणूस 'मौन' नसतो हो! 'ते यावर मौन राहिले' ही हिंदी बातम्यांची लागण आहे, इथे बडोद्यात तर गुजरातीकडूनही होते. मुनीचा भाव तो मौन, झालं. 'मूकनायक' हा शब्दही गुंतलेला आहे, 1920 चं बाबासाहेबांचं पाक्षिक, आणि तिथे नायक मुका नाहीये, मूकांचा नायक आहे, समासच वेगळा.

राहिला 'मुका'. (नायकाचा मुका म्हणालात तर गेमच बदलेल, असो.) पण या शब्दाची खरी मजा कुणी सांगत नाही. संस्कृत मूकमधला, दोन स्वरांमधे आलेला एकटा क प्राकृतात गळून जायला हवा होता, मग मराठीत तो टिकला कसा? तर आपल्या गुजरातच्याच हेमचंद्राने बाराव्या शतकात प्राकृताचं व्याकरण लिहिलं त्यात दोन्ही रूपं दिलीत, मूओ आणि मुक्को. जोडाक्षरातला क गळत नाही. शुष्कचं सुक्क झालं आणि त्याचा सुका, तसा मुक्कचा मुका. आणि गुजरातीत? मूंगो! म्हणजे स्वरतंतू न कंपवता उच्चारायच्या अघोष क चा, ते कंपवून उच्चारायचा सघोष ग झाला, मुक्याला घोष मिळाला तो असा. आमच्या शेजारच्या काकी नातवाला दिवसातून दहा वेळा 'मूंगो मर' (गप्प बस) म्हणून ओरडतात, तेव्हा मला हेच आठवतं.

आता माझं आवडतं मत, पटलं तर घ्या. 'मूग गिळून बसणे' यात धान्य नाहीच मुळी. इथले एक निवृत्त संस्कृतचे सर ठासून सांगतात की तोंडात मूग असले की बोलता येत नाही म्हणून. अहो सर, गिळल्यावर तोंड रिकामं होतं! गुजरातीत निदान 'मोढामां मग भर्या छे?' (तोंडात मूग भरलेत का?) विचारतात, त्याला काही अर्थ तरी आहे. मुद्गचं प्राकृत मुग्ग, मूकचं मुक्क, मधे फरक फक्त घोषाचा, कुणीतरी थट्टेत एकाच्या जागी दुसरं ठेवलं आणि ते चिकटलं. सरांना हे सांगितलं तर ते स्वतःच मूग गिळून बसले.

हां, गेम. स्कायरिम (2011) घ्या, भाचा तासन्‌तास खेळतो. त्या हिरोचं मोठं हत्यारच आरोळी आहे, 'फुस रो दाह' म्हटलं की समोरचा लांब उडतो, त्याला मुका कसं म्हणणार? फक्त गप्पांच्या वेळी ओळ आपण स्क्रीनवर निवडायची, आवाज नाही, आणि समोरचा उत्तर देतो. कुणीही उठावं, गुहेतून अमुक आणून दे म्हणावं, की हा निघाला. याला मराठीत तयार शब्द आहे, मुकाट! तोही मूकचाच नातू. 'मुकाट नायक' म्हणा.

फॉलआउट 4 मध्ये (2015) त्याच कंपनीने हिरोला आवाज दिला, तर प्रत्येक ओळ रेकॉर्ड करायची म्हणून असेल, उत्तरं एका वेळी चारच, आणि लोक चिडले ते यावरच, की मी मनात एक म्हणतो आणि हा तोंडाने भलतंच बोलतो. 2023 च्या स्टारफील्डमध्ये पुन्हा मुकाट केला.

सघोषचं राहिलंच. ते वर्णांचं विशेषण आहे, ग, ज, द, ब यांचं, हिरोचं नाही. बोलपट होता तसा 'बोलका नायक' म्हणा की सरळ.